अंगठा कुणाचाही चालेल

आमच्या छायाचित्र मंडळात फोटो दाखवण्याआधी कॅमेरा सांगावा लागतो. नियमांत तसे कुठेही लिहिलेले नाही. पण कॉलेज रोडवरच्या पहिल्या मजल्यावरील त्या सभागृहात, रविवारी सकाळी, पडद्यावर चित्र उमटण्याच्या आधीच मागच्या रांगेतून प्रश्न येतो, “कशावर काढलाय?” उत्तर मिळाले की मग लोक चित्राकडे पाहतात. उत्तर पसंत पडले तर कौतुकाने, नाही पडले तर रुग्णाच्या अंथरुणाशी बसावे तशा समजूतदार चेहऱ्याने.

मंडळात दोन पंथ आहेत. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण दोन्ही कंपन्या उत्तम कॅमेरे बनवतात आणि त्यांच्या भक्तांचे त्यांनी काही बिघडवलेले नाही. गळ्यातल्या पट्ट्यांच्या रंगांवरून एकाला लाल म्हणू, दुसऱ्याला पिवळा. लाल पट्टेवाले खिडकीच्या बाजूला बसतात, पिवळे दाराच्या. एका सदस्याने मध्यंतरी पिवळा सोडून लाल घेतला, तेव्हा त्याच्याविषयी सगळे ज्या आवाजात बोलत, तो आवाज मी फक्त घटस्फोटाच्या बातम्यांसाठी राखून ठेवलेला ऐकला आहे. माझा कॅमेरा तिसऱ्याच कंपनीचा. ही कंपनी घरगुती उपकरणेही बनवते, हा तिचा अक्षम्य अपराध. “टीव्हीवाल्यांचा कॅमेरा,” असे म्हणून मला खिडकी आणि दार यांच्या मधल्या रांगेत जागा देण्यात आली होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि विंचूरच्या बाजूला एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रसाचे नमुने, यीस्ट आणि सूक्ष्मदर्शक. फोटोंकडे मी तिथूनच वळले. मला वैज्ञानिक छायाचित्रणाच्या एका परदेशी अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. माझे गुण पुरेसे होते, शिफारसपत्रे तयार होती. अडत होते ते एका अटीपाशी. अर्जदाराचे निदान एक काम सार्वजनिकरीत्या प्रदर्शित झालेले हवे. मुदतीच्या आत नाशकात होणारे एकमेव प्रदर्शन आमच्या मंडळाचे होते. आईला हा सगळा खटाटोपच पटत नव्हता. “द्राक्षांचे फोटो काढायला एवढं लांब कशाला जायचं?” ती म्हणाली. “द्राक्षं तर सगळी इथंच आहेत.”

प्रदर्शनासाठी मी निवडलेला फोटो एका द्राक्षाचाच होता, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा एक पांढरट, अतिशय पातळ थर असतो. बोट लागले की तो पुसला जातो आणि खालची काळपट जांभळी साल चमकू लागते. खायची द्राक्षे विकताना हा थर शाबूत लागतो, म्हणून तोडणाऱ्या बायका घड देठाला धरतात, मण्याला नाही. वाइनच्या द्राक्षांना तेवढे जपण्याची गरज नसते. पण त्याच बायका दोन्हीकडे तोडणीला जातात आणि हाताची सवय बदलत नाही. त्यामुळे मण्यावर ठसा क्वचितच दिसतो. फेब्रुवारीत एका क्रेटमध्ये अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला मणी मला सापडला, तेव्हा मी तो चिमट्याने देठासकट उचलला आणि थेट प्रयोगशाळेत नेला. रेषा न् रेषा दिसत होती. एका कडेला त्या रेषा किंचित ओढल्या गेल्या होत्या, अंगठा उचलता उचलता घसरला असावा.

एवढ्या जवळून फोटो काढताना एक अडचण असते. एका वेळी मण्याचा जो भाग स्पष्ट दिसतो, तो नखापेक्षाही पातळ असतो. मणी गोल आणि ठसा त्याच्या वळणावर पसरलेला. मध्य स्पष्ट करावा तर कडा धूसर, कडा पकडाव्यात तर मध्य गेला. यावरचा उपाय कोणत्याही सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्याला ठाऊक असतो. कॅमेरा केसभर पुढे सरकवत एकामागून एक फ्रेम घ्यायची आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग तेवढा घेऊन त्या जोडायच्या. मी तेच केले. लेन्स वापरली ती एका बंद झालेल्या स्टुडिओच्या डार्करूममधली, फोटो मोठे करण्याच्या यंत्राची म्हणजे एन्लार्जरची जुनी लेन्स, उलटी बसवून. संध्याकाळी पडद्यावर पूर्ण ठसा एकदम दिसला, तेव्हा माझ्या डोळ्यांनी क्रेटपाशी पाहिलेले तेच पुन्हा समोर आले होते. दुसऱ्या दिवशी मणी सुरकुतला.

मार्चच्या एका रविवारी मी तो फोटो मंडळात दाखवला.

“कशावर काढलाय?”

मी सांगितले. लेन्सविषयीही सांगितले. खिडकीच्या बाजूला कुणीतरी “अरेरे” म्हणाले, मनापासून.

अध्यक्ष पिवळ्या पंथाचे. दंतवैद्य आहेत, समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतः बोलत राहण्याची त्यांना व्यावसायिक सवय आहे. “मॅडम, फ्रेम छान आहे,” ते म्हणाले. “मूळ फाइल पाठवून द्या. निवडीला लागते.”

“मूळ फाइल एक नाही, सर. बऱ्याच फ्रेम्स जोडल्या आहेत.”

मी देवघरात चपला घालून पाऊल टाकले असावे, तसे सगळे सभागृह माझ्याकडे वळले.

“म्हणजे हा फोटोच नाही,” खिडकीकडून आवाज आला. हे लाल पंथाचे ज्येष्ठ, तोफखान्यातून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पात राहणारे काका. मनाने अत्यंत चांगले आणि आवाजाने अजूनही फायरिंग रेंजवर. “बेटा, फोटो म्हणजे एक क्लिक! ठो! लागला तर लागला. जोडायचं काय त्यात? ही काय गोधडी आहे?”

लोक हसले. दाराकडचेही हसले. या दोन बाजू एकाच विनोदाला हसताना मी प्रथमच पाहत होते.

मी शांतपणे समजावण्याचे ठरवले, ही चूक होती. मी म्हटले की डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग मोजतो. बाकीचे दोन रंग कॅमेरा शेजारच्या बिंदूंवरून हिशेब करून भरतो. मग तो कडा धारदार करतो, नको ते रवाळ ठिपके पुसतो, सावल्या उजळतो. “अध्यक्ष सर, तुम्ही इथे दाखवलेल्या मोराच्या फोटोतला बराचसा रंग कॅमेऱ्याने मोजलेला नाही, अंदाजाने भरलेला आहे.”

“तो कंपनीनं भरलाय,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही नाही.”

कुणीतरी टाळी वाजवली.

घरी परतताना मी या वाक्याचा नीट विचार केला, कारण त्यात त्यांची सगळी भूमिका आली होती. हेराफेरीला त्यांची हरकत नव्हतीच. हेराफेरी डब्याच्या आत, परक्या देशातल्या अभियंत्यांनी, न दाखवता केली तर ती अस्सल. मी ती उघड्यावर केली, प्रत्येक पायरी सांगितली, मागेल त्याला सगळ्या फ्रेम्स द्यायला तयार होते, म्हणून ती बनावट. विज्ञानात याच्या बरोबर उलट असते. तिथे पद्धत लपवणाऱ्यावर संशय घेतात.

पण मला रागावून गप्प बसणे परवडणारे नव्हते. प्रदर्शन उन्हाळ्यात होते, अर्जाची मुदत त्यानंतर लगेच. पुढच्या रविवारी सभेनंतर जिन्यापाशी चहा घेताना मी अध्यक्षांना पुन्हा गाठले. काकाही तिथेच होते. दोघे बहुधा माझीच चर्चा करत असावेत, कारण मला पाहताच काकांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

“हे घे. बॉडी माझी, मॅक्रो लेन्स माझी. असली माल. एका क्लिकमध्ये काढून आण, मी स्वतः पहिला हात वर करतो.”

मला खरेच भरून आले. हा माणूस तो कॅमेरा बायकोच्या हातीही देत नाही, असे सगळे सांगत. “काका, पण तो मणी आता नाही. सुकला तो.”

“मग दुसरा आण की! नाशकात द्राक्षांचा दुष्काळ पडलाय का?”

“आणि ठसा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी अगदीच बालिश काहीतरी विचारले असावे, तसे अध्यक्षांचे डोळे मवाळ झाले.

“अंगठा काय, कुणाचाही चालेल,” ते म्हणाले. “तुमचाच लावा.”

“आणि हलका लाव,” काकांनी भर घातली. “रेषा नीट यायला पाहिजेत.”

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. “म्हणजे खोटा ठसा चालेल, पण खऱ्या ठशाच्या जोडलेल्या फ्रेम्स चालणार नाहीत?”

“खोटा कसा?” काका मनापासून चकित झाले. “अंगठा खराच असणार आहे ना तुझा?”

हे लोक खोटारडे नव्हते, हे मला अजूनही सांगावेसे वाटते. एका मित्राने फोटोतून एक वीजतार पुसली म्हणून याच काकांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. शुद्धतेची त्यांना खरी चाड होती. फक्त त्यांची शुद्धता लेन्सच्या काचेच्या अलीकडे सुरू होऊन अलीकडेच संपत होती. काचेच्या पलीकडे काय आहे, ते तिथे कसे आले, कुणी ठेवले, हा प्रश्न एवढ्या रविवारांत एकदाही कुणी विचारला नव्हता. माझ्या फोटोबद्दल तर एकानेही विचारले नाही की हा अंगठा कुणाचा.

वाद घालण्यापेक्षा करून पाहावे, असे मला शिकवले गेले आहे. मी बाजारातून घड आणला, एका मण्यावर स्वतःचा अंगठा टेकवला आणि काकांच्या कॅमेऱ्याने एका क्लिकमध्ये फोटो काढला. कॅमेरा सुरेख होता, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फोटोही देखणा आला. मधल्या चार रेषा धारदार, बाकीच्या हळूहळू धुक्यात विरलेल्या. काकांनी सुचवल्याप्रमाणे अपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, अगदी बारीक करून पाहिले, तर धुके कमी झाले आणि सगळ्याचीच धार थोडी गेली; छिद्र फार लहान केले की प्रकाश पसरतो, त्याला पट्ट्याचा रंग कळत नाही. पण माझे लक्ष पुन्हा पुन्हा ठशाकडे जात होते. तो फार शहाणा होता. मधोमध, सरळ, संपूर्ण, आधार कार्डासाठी द्यावा तसा. फेब्रुवारीतला ठसा तिरपा होता आणि निसटलेला. तो कुणी मुद्दाम उमटवला नव्हता हे त्याच्याकडे पाहताच कळत होते.

निवडीच्या रविवारी मी दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोणती कशी केली ते सांगितले. डावीकडे सापडलेला ठसा, अनेक फ्रेम्स, माझा कॅमेरा. उजवीकडे माझा स्वतःचा अंगठा, बाजारातले द्राक्ष, एक क्लिक, काकांचा कॅमेरा. याहून स्पष्ट मला सांगता येत नव्हते.

“आता कसं!” काका उजवीकडच्या प्रिंटवर वाकले. “बघा, कलर बघा. हा जांभळा फक्त आमच्याच कंपनीत मिळतो.”

दोन्ही प्रिंट एकाच दुकानात, एकाच यंत्रावर काढलेल्या होत्या आणि द्राक्षांच्या जातीच वेगळ्या होत्या. मी बोलायला तोंड उघडले, पण तोवर हात वर झाले होते. दाराकडचेही, खिडकीकडचेही. पिवळ्या पंथाने लाल कॅमेऱ्याला मत द्यावे, असा दिवस मंडळाने पाहिला नव्हता.

“अभिनंदन,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, खाली एक ओळ लिहावी लागेल. ठसा छायाचित्रासाठी मुद्दाम उमटवलेला आहे, अशी.”

“खाली कॅमेरा, लेन्स, अपर्चर, शटर. एवढंच असतं. गोष्ट लिहायला जागा नसते, मॅडम.”

“ही गोष्ट नाही. फोटोत काय आहे ते आहे.”

“फोटोत काय आहे ते दिसतंच आहे की.”

माझ्यापुढे हिशेब सरळ होता. ती प्रिंट भिंतीवर लागली की माझी अट पूर्ण होत होती. आणि मी एका वैज्ञानिक अभ्यासक्रमाच्या दारात, घडलेच नाही अशा गोष्टीचा सुरेख पुरावा घेऊन उभी राहणार होते, ज्याच्याखाली सत्यासाठी जागा नव्हती पण शटरच्या वेगासाठी होती. मी दोन्ही प्रिंट उचलून फाइलमध्ये ठेवल्या.

“बेटा, उगाच हट्ट करतेस,” काका दुखावून म्हणाले. “सिलेक्ट झालाय तो.”

“म्हणूनच नेतेय, काका.”

खाली रस्त्यावर येईपर्यंत मला माझा अभिमान वाटत होता. स्कूटरला किल्ली लावताना अट आठवली आणि तो उतरला.

त्याच आठवड्यात मी अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला सगळी हकिकत न सांगता एवढेच विचारले की कलादालनाबाहेरची एखादी सार्वजनिक जागा चालेल का. उत्तर लगेच आले. लोकांना मुक्त प्रवेश असलेली कुठलीही जागा चालेल; पुरावा म्हणून काम भिंतीवर आणि ते पाहणारी व्यक्ती, असा एक फोटो जोडा.

आमच्या वाइनरीत शनिवार-रविवारी लोक चव घ्यायला येतात. त्या खोलीतली एक भिंत मी मागितली. मालकांनी फोटो पाहिला, “आपलंच द्राक्ष ना?” एवढे विचारले आणि दरफलक झाकला जाणार नाही या अटीवर परवानगी दिली.

खाली लावायचा मजकूर लिहिताना मी सुरुवातीला ‘तोडणी करणाऱ्या स्त्रीचा अंगठा’ असे लिहिले होते. मग ते खोडले. सुरगाण्याकडून आलेल्या ज्या टोळीने तो मळा तोडला होता, ती अजून शेजारच्या गावी कामावर होती. मी जाऊन विचारले. त्यांच्यातली मुकादम बाई माझ्या मोबाइलवरचा ठसा बघून लगेच सावध झाली.

“आमी मन्याला हात नाय लावत, ताई. देठालाच धरतो. आमच्यातल्या कुनाचा नाय तो.”

“मी तक्रार घेऊन नाही आले. फक्त विचारतेय.”

“मंग क्रेट उचलनाऱ्याचा आसंल. नायतर तुमचाच आसंल!” ती म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या.

तो माझा नव्हता, एवढेच मला खात्रीने माहीत होते. तेव्हा मजकूर असा झाला: ‘वाइनरीत आलेल्या क्रेटमधला द्राक्षाचा मणी. सालीवरच्या मेणाच्या थरात उमटलेला अंगठा. वेगवेगळ्या अंतरांवर घेतलेल्या अनेक फ्रेम्स जोडून केलेले चित्र. ठसा जसा सापडला तसाच आहे. कुणाचा, ते कळले नाही.’

फोटो लागला. लोक आले, ग्लास घेऊन त्याच्यासमोरून गेले आणि दरफलकाकडे वळले. पुराव्यासाठी कुणाला खोटे खोटे उभे करणे मला अर्थातच शक्य नव्हते. एवढा तमाशा करून पुन्हा तेच केले असते तर मी मंडळाची अध्यक्ष व्हायच्या लायकीची ठरले असते. मुदत जवळ येत चालली होती आणि नाशिक जिल्ह्यातल्या एकाही नागरिकाला माझ्या फोटोपुढे थांबायची इच्छा होत नव्हती.

रविवारी काका आले. लासलगावला साडूंकडे निघाले होते आणि वाटेत कॅमेरा परत न्यायचा होता. नातीच्या बारशाला तो लागणार होता. मी प्रयोगशाळेतून कॅमेरा घेऊन येईपर्यंत ते चव घेण्याच्या खोलीत पोहोचले होते. सवयीप्रमाणे ते आधी मजकुराकडे वाकले होते. कॅमेऱ्याचे नाव शोधत असणार. ते नव्हते, म्हणून त्यांना उरलेले सगळे वाचावे लागले. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला लागेल इतके जवळ जाऊन ते चित्राकडे पाहू लागले. पुष्कळ वेळ.

मी खिशातून मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

“हा घसरलाय,” काका मागे न वळता म्हणाले. “इथं बघ, कडेला.”

“हो.”

“घाईत होतं कुणीतरी.” थोडे थांबून ते म्हणाले, “कुणाचा गं हा अंगठा?”

या एका प्रश्नासाठी मी मार्चपासून थांबले होते. मी त्यांना बायका देठाला का धरतात ते सांगितले, मुकादम बाई काय म्हणाली ते सांगितले, क्रेट किती हातांतून जाते ते सांगितले. ते ऐकत राहिले, मधेच स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, झाले, पोहोचले.

“पण आत्ता तू माझा फोटो काढलास ना?” ते एकदम म्हणाले. “आवाज आला मला. दाखव.”

मी दाखवला. वाकलेले काका, कॅमेरा त्यांच्या गळ्याऐवजी माझ्या हातात असल्यामुळे कोपऱ्यात लोंबणारा लाल पट्टा, भिंतीवरचा तिरपा अंगठा. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, प्रकाश तपासला, चौकट सरळ आहे का ते तपासले.

“एकच क्लिक?”

“एकदाच दाबलं, काका.”

“हां!” त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे हात केला आणि मग मोबाइलवर बोट आपटले. “याला म्हणतात फोटो. मोबाइलचा का असेना. अस्सल. जोडाजोडी नाही काही नाही.”

माझा मोबाइल बटण दाबण्याच्या आधीपासून फ्रेम्स टिपत असतो आणि त्यांतल्या कित्येक एकमेकींवर बसवून, जोडून, एक चित्र हातात ठेवतो. हे वाक्य माझ्या तोंडात शब्दाशब्दाने तयार होते. काका कॅमेरा गळ्यात अडकवून पट्ट्याची लांबी जुळवत होते आणि साडूंकडे जेवणाला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत होते. मी ते वाक्य गिळले आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर वळायच्या आत त्यांचा तो अस्सल फोटो अर्जाला जोडून पाठवून दिला.